दर मे महिन्यात तोच कोपरा का गळतो? फिश टँकच्या जोडांचं आयुष्य आणि टिकणारी दुरुस्ती

टँक घेताना लोक विचारतात आणि टँक जुना झाला की पुन्हा विचारतात: याचे जोड किती वर्षं टिकतील? चांगल्या सिलिकॉनने नीट बांधलेला आणि सपाट स्टँडवर ठेवलेला घरगुती टँक दहा-पंधरा वर्षं विनातक्रार चालतो. वीस वर्षं उलटलेले टँकही घराघरांत पाणी धरून उभे आहेत. तरीही आपल्याकडे, जळगाव-भुसावळपासून धुळे-शिरपूरपर्यंत, तीन-चार वर्षांतच कोपरे गळायला लागलेले टँक सर्रास दिसतात. त्याहून वाईट म्हणजे ते दुरुस्त करूनही पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा गळतात.

सिलिकॉन उन्हाळ्याने मरतं, असा समज आहे. तो खरा नाही. बरं सिलिकॉन शंभर अंशांच्या पुढची उष्णताही सहज सोसतं, त्यामुळे भुसावळच्या ४६-४७ अंशांनी त्याचं काही बिघडत नाही. आपले टँक अकाली गळतात ते ब्लेडमुळे, जागेवरून हललेल्या स्टँडमुळे आणि जुन्या सिलिकॉनवर नवं थापण्याच्या सवयीमुळे. ही तिन्ही कारणं उन्हाळ्यात एकत्र येतात. ती कशी, ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी दुरुस्ती सोपी होते.

आधी खात्री करा: टँक गळतोय की पाणी उडून जातंय?

एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडीठाक असते. टँकला झाकण नसेल आणि वर पंखा फिरत असेल, तर पाणी रोज काही मिलिमीटर उतरतं. आठवड्याभरात पातळी दोन-तीन बोटं खाली गेली की माणूस सिलिकॉनची ट्यूब घेऊन बसतो. त्याआधी एक साधी चाचणी करा. पसरट टबात पाणी भरून तो टँकशेजारी, जमेल तर त्याच उंचीवर ठेवा. दोन्हीकडे मार्करने रेघ मारा आणि तीन-चार दिवसांनी घट मोजा. बुडबुडे आणि फिल्टर यांच्यामुळे टँकमधलं पाणी थोडं जास्त उडतं, तेवढा फरक धरायचा नाही. टँकमधली घट टबाच्या दुप्पट असेल तर मात्र शोध घ्यायला लागा.

दुसरा फसवा प्रकार लोडशेडिंगचा. वीज गेली की हवेचा पंप थांबतो. तो पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल, तर टँकमधलं पाणी हवेच्या नळीतून उलटं खाली उतरतं. रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि सकाळी स्टँडखाली थारोळं. घरातले सगळे म्हणणार, टँक फुटला. पंप टँकच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्ह अगदी स्वस्त मिळतो, फक्त हवा पंपाकडून टँककडे जाईल अशा दिशेने बसवायचा. बाहेर टांगलेला फिल्टर असेल तर त्याच्या कडेवरून ओघळ येतोय का, तेही याच वेळी बघून घ्या.

काचेवर बाहेरून दव धरतं तेव्हाही लोक घाबरतात. पावसाळ्यात, हवा दमट असताना आणि पाणी गार असताना ते होऊ शकतं. बर्फाच्या बाटल्या टँकमध्ये सोडणाऱ्यांकडेही होतं. पण मे महिन्यात, बर्फ न घालता, टँकच्या खालच्या कडेला ओल दिसली तर ती दवाची नसते. तेव्हा पुढे वाचा.

आणि हो, टँकखाली ओल दिसली की पहिला हात विजेच्या बटणाकडे गेला पाहिजे. आपल्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक वेळा टँकच्या बरोबर खाली, स्टँडच्या आतच ठेवलेला असतो. आधी मेन स्विच बंद करा, मग ओलीला हात लावा. यात हयगय नको.

जोडात दोन थर असतात

सिलिकॉन येण्याआधी लोखंडी चौकटीत पुट्टीने काचा बसवून टँक करायचे. आता काचा थेट एकमेकींना सिलिकॉनने चिकटवतात. या जोडाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक, दोन काचांच्या मध्ये दाबलेला पातळ थर. टँक उभा राहतो तो याच्या जोरावर. याला मी मधला जोड म्हणतो. दुसरा, आतून कोपऱ्यात बोट फिरवून भरलेला थर, म्हणजे आतली फिलिंग. ती मधल्या जोडाला पाण्यापासून, शेवाळापासून आणि गोगलगायींपासून सांभाळते. फिलिंग खराब झाली आणि मधला जोड शाबूत असला तर टँक वाचतो. मधलाच जोड काचेपासून सुटायला लागला तर वरवरचा कोणताही इलाज धोक्याचा आहे.

या जोडांवर किती भार असतो याचा अंदाज घ्या. तीन फूट लांब, दीड फूट उंच, एक फूट रुंद टँकमध्ये सुमारे १२७ लिटर पाणी मावतं. पूर्ण भरलेल्या टँकच्या पुढच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा जवळपास ९५ किलोच्या वजनाएवढा पडतो, आणि तो रात्रंदिवस पडत असतो. हा रेटा टँकच्या रुंदीवर अवलंबून नाही. लांबी दुप्पट केली तर तो दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर चौपट होतो. म्हणूनच लांब आणि बुटका टँक उंच टँकपेक्षा जास्त वर्षं टिकतो. नवा बांधून घेणार असाल तर उंचीचा मोह टाळा. दीड फुटाच्या पुढे गेलात की काचही जाड लागते, आणि तळाकडच्या जोडावरचा ताणही वाढतो.

भुसावळचा एक कोपरा

रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका मावशींचा तीन फुटी टँक मी पाहिला. त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं: "भाऊ, आखाजीला पोरी माहेरी येतात ना, तसा हा कोपरा दर वर्षी आखाजीला गळतो."

आखाजी म्हणजे आपल्याकडची अक्षय्य तृतीया, एप्रिल-मेमध्ये येणारी. मागचा डावा कोपरा. आत सिलिकॉनचा अंगठ्याएवढा जाड गोळा, खालून एक वीत वर गेलेला. तीन वर्षांत तीन वेळा कुणी ना कुणी त्यावर नवा थर चढवला होता. नखाने वरची कड उचलली आणि हलकं ओढलं, तर सगळ्यात वरचा थर एका सलग पट्टीत निघून हातात आला. खालच्या बाजूने तो गुळगुळीत, चकचकीत होता. त्याखालचा थरही तसाच निघाला. तिसऱ्याला थोडा जोर लावावा लागला. सगळ्यात खाली मूळची फिलिंग होती आणि तिच्यात तळापासून बोटभर उंचीवर, काचेला लागून, एक सरळ रेघ. ब्लेडने कापल्याची. पाणी पहिल्या वर्षापासून त्याच फटीतून जात होतं. वरचे तीन थर फक्त त्याचा रस्ता लांबवत होते.

सगळ्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. एकदा घट्ट झालेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड चिकटत नाही. ताजं ओलं सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पण जुन्या सिलिकॉनवर ते फक्त बसून राहतं. सुरुवातीचे काही महिने पाणी थांबतं, म्हणून दुरुस्ती झाली असं वाटतं. मग थोडा ताण आला, टँक घासला, पातळी वर-खाली झाली की दोन थरांमधून पाणी वाट काढतं. दुरुस्ती करून गेलेल्या माणसाला फोन केला तर तो पुन्हा येऊन आणखी एक थर देतो, आणि पुढच्या वर्षी आखाजी पुन्हा येतेच.

मे महिनाच का?

मावशींच्या टँकला ब्लेड लागलं ते क्षार काढताना. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टँकमध्ये बोअरचं जड पाणी जातं. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आपण पुन्हा तेच जड पाणी वरून ओततो, ते उडतं, आणखी क्षार राहतात. काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरा, खडबडीत पट्टा चढतो. त्यात मुलांना सुट्ट्या, घरी पाहुणे, म्हणून टँक चकाचक करायची घाई. स्पंजने निघत नाही म्हणून दाढीचं ब्लेड येतं. सपाट काचेवर ब्लेड चालतं, पण कोपऱ्यापाशी हात थांबत नाही आणि पातं फिलिंगच्या कडेखाली शिरतं. एवढी चीर पुरते. तिच्यातून शेवाळ आणि क्षार आत सरकतात आणि फिलिंग काचेपासून हळूहळू उचलत नेतात. कापलं जातं एका मेमध्ये, गळतं पुढच्या मेमध्ये, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय साधा आहे. क्षार हे मुख्यतः चुन्याचे असतात आणि सौम्य आम्लात विरघळतात. पातळी चार बोटं खाली घ्या, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापडाला लावून ते कापड पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा, मग ओल्या फडक्याने पुसा. ओघळ टँकच्या पाण्यात जाऊ देऊ नका. फारच जुना थर असेल तर दोन-तीनदा करा. कोपऱ्यापासून दोन बोटांच्या आत धातूचं काहीही नेऊ नका, तिथे जुनं एटीएम कार्ड चालवा. आणि उडालेल्या पाण्याची भर घालायला घरच्या आरओचं शुद्ध पाणी वापरा. भर घालताना क्षार नव्याने जाणार नाहीत, तर पट्टाही फारसा चढणार नाही. आठवड्याचं पाणी बदलताना मात्र नेहमीचंच वापरा, माशांना त्याची सवय असते. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी टँकमध्ये अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

दुसरं कारण जमिनीत आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्याच मातीवर, भरणी न करता बांधलेल्या तळमजल्याच्या घरात फरशीही थोडी वर-खाली होते. दारं पावसाळ्यात घासतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, ते पावसात लाकूड फुगल्यामुळे होतं, तसं चौकट हलल्यामुळेही होतं. अशा फरशीवर दीडशे-पावणेदोनशे किलोचा टँक चार पायांवर उभा असतो. एक पाय दोन मिलिमीटर बसला की स्टँडला पीळ पडतो, तो पीळ तळाच्या काचेत जातो आणि तिथून जोडात. पहिल्या मजल्यावर किंवा काँक्रीटच्या स्लॅबवर हा त्रास जवळपास नसतो. तळमजल्यावर असाल तर वर्षातून दोनदा लेव्हल बघा: एकदा आखाजीच्या सुमाराला जमीन पूर्ण वाळलेली असताना, एकदा पोळ्याच्या सुमाराला ती पुरती भिजलेली असताना.

लेव्हल बघायला महागडं काही लागत नाही. गवंड्याची लेव्हल बॉटल स्टँडच्या लांबीवर, रुंदीवर आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. कर्ण महत्त्वाचे, कारण पीळ तिथेच कळतो. तीही नसेल तर टँकच्या चारही कोपऱ्यांत पाण्यापासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. सगळा टँक एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर कलला असेल तर मी त्याची फार काळजी करत नाही. पण समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दुसरे दोन खाली असं निघालं तर त्याच दिवशी पाणी अर्ध्यावर आणा. मग टँक पूर्ण रिकामा करून स्टँडच्या पायाखाली लोखंडी किंवा कडक प्लास्टिकची पातळ चकती घाला. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकण्याचा प्रयत्न करू नका. पुठ्ठा किंवा लाकडाची चिप ओल धरते आणि दबते, ती नकोच.

थर्मोकोलबद्दल दोन शब्द. तळाला चौकट नसलेल्या, नुसत्या काचेच्या टँकखाली थर्मोकोल किंवा फोमची शीट हवीच. स्टँडच्या अँगलवरचा वेल्डिंगचा छोटा फुगवटासुद्धा ती झाकते. पण तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या तयार टँकखाली ती घालू नका. त्या टँकचा भार चौकटीवर पडायचा असतो, थर्मोकोल मधे घातलं तर ते तळाच्या काचेला खालून रेटतं.

गळती नेमकी कुठे आहे?

पाणी बाहेर टपकतं तिथेच भोक असतं असं नाही. ते जोडाच्या आतून वाहत खाली येतं आणि तळाच्या कडेने दुसऱ्याच कोपऱ्यात निघतं. म्हणून घाईने टपकत्या जागी सिलिकॉन लावू नका.

सोपा मार्ग असा. टँक बाहेरून कोरडा पुसा. जोडांवर बाहेरून पावडर किंवा खडूची भुकटी चोळा आणि खालच्या कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवून ठेवा. तासा-दोन तासांत भुकटीवर ओघळ उमटतो. त्याच्या वरच्या टोकापाशी शोध घ्या. गळती फार बारीक असेल तर दुसरी युक्ती: मासे काढून घ्या, पाणी भरू नका, टँक तसाच गळू द्या आणि पातळी कुठे थांबते ते बघा. जिथे पाणी थांबलं, त्याच उंचीवर भोक आहे. अगदी तळापर्यंत उतरलं तर तळाचा जोड.

मग अंधार करून मोबाईलचा टॉर्च जोडावर तिरका धरा. मधला जोड चांगला असेल तर तो सलग, एकाच रंगाचा दिसतो. जिथे सिलिकॉन काचेपासून सुटलंय तिथे आरशासारखी रुपेरी चमक दिसते. बांधतानाच राहिलेले हवेचे गोल बुडबुडे वेगळे, ते वर्षानुवर्षं तसेच असतात आणि त्रास देत नाहीत. चिंता करायची ती लांबट, झाडाच्या फांदीसारख्या पसरत जाणाऱ्या रुपेरी डागांची. त्याची कड मार्करने बाहेरून आखून तारीख घालून ठेवा. महिन्याभराने डाग रेघेच्या पुढे गेला असेल तर जोड अजून सुटत चालला आहे. माझा नियम असा की डाग काचेच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत पोहोचला की तो टँक पाण्याने भरायचा नाही.

वरच्या आडव्या काचपट्ट्याही तपासा. तीन फुटी टँकच्या मधोमध पुढची-मागची काच धरून ठेवणारी पट्टी सुटलेली असेल, तर पुढची काच फुगते आणि कोपऱ्याचे जोड ओढले जातात. पुढच्या काचेवर लांब स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. दोन्ही टोकांना फट आणि मधे काच पट्टीला टेकतेय, ती फट दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, तर पाणी उतरवून आधी ती पट्टी दुरुस्त करा. नाहीतर नवी फिलिंगही तेवढीच टिकेल.

आणि काचेला तडा असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तड्यावर सिलिकॉन चालत नाही, ती काच बदलायची.

टिकणारी दुरुस्ती

माशांची सोय आधी. टँकमधलंच पाणी टबात किंवा ड्रममध्ये घ्या, त्यात हवेची नळी सोडा, टब घराच्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी राहते, त्यामुळे उन्हाळ्यात हवा चोवीस तास हवी, शक्य तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, याच पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे त्यातले उपयोगी जिवाणू जगतात. या काळात खाणं अगदी कमी द्या.

बाहेरून सिलिकॉन लावण्याचा काही उपयोग नाही. पाण्याचा रेटा आतून बाहेर असतो, तो बाहेरचा थर काचेपासून ढकलूनच देतो. मळून लावायची इपॉक्सीही मोठ्या जोडावर टिकत नाही. ती कडक होते, जोडाला थोडी लवचिकता लागते. रात्री-अपरात्री गळती लागली तर एकच तातडीचा उपाय आहे: पातळी भोकाच्या खाली आणा आणि सकाळची वाट बघा.

दुरुस्तीचं मुख्य काम म्हणजे आतली फिलिंग पूर्ण काढणं. फक्त गळक्या कोपऱ्याची काढून चालत नाही. नव्या-जुन्याची गाठ जिथे पडेल तिथेच पुढच्या वर्षी गळेल. चारही उभे कोपरे आणि तळाच्या चारही कडा, सगळं काढायचं. इथे ब्लेड लागतंच, पण ते काचेला चपटं धरून, फिलिंगच्या दोन्ही बाजूंनी चालवायचं. पातं दोन काचांच्या मध्ये, मधल्या जोडात जाता कामा नये. निघालेल्या जागी बोट फिरवून बघा. गुळगुळीत चिकट पडदा लागला तर तो सिलिकॉनचाच आहे, तोही खरवडून काढा. मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पांढऱ्या सुती कपड्याने पुसा. कपडा काळपट निघायचा थांबेपर्यंत. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास गॅस, उदबत्ती पेटती नको. मला विचाराल तर सगळ्या दुरुस्तीतलं नव्वद टक्के यश याच सफाईत आहे, सिलिकॉन लावणं त्यापुढे किरकोळ.

सिलिकॉन कोणतं? पाकिटावर शंभर टक्के सिलिकॉन लिहिलेलं आणि बुरशीरोधक औषध नसलेलं. बाथरूम-किचनसाठीच्या ट्यूबवर अँटी-फंगल असं लिहिलेलं असतं. ते औषध पाण्यात उतरतं आणि माशांना घातक आहे. ॲक्वेरियमसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलं मिळालं तर उत्तमच. घट्ट होताना व्हिनेगरचा उग्र वास येणारं ॲसिटिक प्रकारचं सिलिकॉन काचेला छान धरतं, टँकसाठी तेच रुळलेलं आहे. ट्यूबवरची मुदत न चुकता वाचा, छोट्या हार्डवेअरच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेल्या ट्यूब मिळतात, आणि जुनं सिलिकॉन नीट घट्ट होतच नाही.

फिलिंग किती रुंद हवी ते ठरवून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सिलिकॉन गनने एका दमात, न थांबता, कोपऱ्यात सोडा आणि लगेच हातमोजा घातलेल्या बोटाने एकाच फेरीत गुळगुळीत करा. एकदा साय धरायला लागली की पुन्हा बोट लावायचं नाही. टेप ओल्यातच काढा. आधी तळाच्या कडा, लगेच उभे कोपरे, म्हणजे कोपऱ्यात सगळं ओलं असतानाच एकमेकांत मिसळतं. मदतीला एक माणूस हवा.

आपल्या हवेत वाळवणं

सिलिकॉन ‘वाळतं’ म्हणतात खरं, पण ते घट्ट होतं हवेतल्या ओलाव्यामुळे. दमट हवेत लवकर, कोरड्या हवेत सावकाश. साधारण दमट हवेत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत घट्ट होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावा फारच कमी असतो, त्यामुळे वरून साय धरलेली दिसली तरी आतलं सिलिकॉन ओलंच असू शकतं. ऊन कडक आहे, एका दिवसात कडक होईल, या हिशेबाने टँक गच्चीवर ठेवणारे इथेच अडकतात.

काम सकाळी लवकर, काच गार असताना करा. नंतर टँक सावलीच्या खोलीत ठेवा आणि खोलीत कूलर मंद चालू ठेवा, फक्त त्याची धूळभरी हवा थेट ओल्या जोडावर नको. कूलर नसेल तर ओलं गोणपाट टांगा. उन्हाळ्यात मी पूर्ण आठवडा थांबायला सांगतो, पावसाळ्यात चार-पाच दिवस पुरतात. व्हिनेगरचा वास पूर्ण गेला की समजायचं, घट्ट होणं संपत आलं. नाक अगदी कोपऱ्यात नेऊन बघा.

पावसाळ्यात दुरुस्ती केली तर दुसरी काळजी घ्या: काचेवर ओलाव्याचा पडदा असतो. शेवटचं पुसणं आणि सिलिकॉन सोडणं यात वेळ घालवू नका.

पाण्याची चाचणी टप्प्याटप्प्याने. आधी एक तृतीयांश, एक दिवस थांबा. मग दोन तृतीयांश, पुन्हा एक दिवस. मग पूर्ण, आणि तीन दिवस तसाच. खाली वर्तमानपत्र कोरडं राहिलं पाहिजे. पाणी चार दिवसांआड येत असताना एवढं पाणी चाचणीत घालायचं जिवावर येतं, हे मान्य. ते फेकू नका, झाडांना घाला किंवा भांडी-फरशीला वापरा. पण चाचणीचं पाणी माशांसाठी ठेवू नका, ते एकदा काढून नवं भरा.

कधी दुरुस्त करू नये

रुपेरी डाग मधल्या जोडात खोल गेले असतील तर फिलिंग बदलून भागत नाही. सगळ्या काचा सोडवून, जुनं सिलिकॉन काढून, टँक नव्याने बांधावा लागतो. दोन फुटांपर्यंतचा टँक हौशी माणूस घरी करू शकतो. जोड कापायला मासेमारीची बारीक नायलॉन दोरी दोन्ही टोकांना धरून करवतीसारखी चालवतात. त्यापेक्षा मोठा असेल तर काचवाल्याकडे द्या आणि काम सुरू होण्याआधीच त्याला स्पष्ट सांगा: वरून थर नको, आधीचं सगळं काढून.

२०२२ च्या १६ डिसेंबरला बर्लिनच्या हॉटेलातला अ‍ॅक्वाडोम फुटला आणि दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा इकडेही घरोघरी लोक आपल्या टँककडे संशयाने बघायला लागले. तो ॲक्रिलिकचा प्रचंड दंडगोल होता, आपल्या काचेच्या टँकशी त्याची तुलना होत नाही. घरचा टँक बहुतेक वेळा आधी सांगतो. थेंब येतात, डाग पसरतो, पट्टी सुटते. अचानक जातो तो पीळ पडलेला, तडा गेलेला किंवा पाण्यासकट हलवलेला. तीन फुटी टँकच्या काचांचंच वजन ८ मिलिमीटर जाडीत २८ किलोच्या आसपास भरतं. त्यात निम्मं पाणी आणि रेती असताना दोघांनी दोन टोकांना धरून उचलला की तळाला पीळ बसणारच. घर बदलताना, रंगकाम करताना टँक रेतीसकट सरकवू नका. आधी पूर्ण रिकामा करा, मग तळाखाली हात घालून उचला, वरच्या पट्ट्यांना धरून कधीच नाही.

वयाचा हिशेब विचारणाऱ्यांना मी असं सांगतो. पाच वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा टॉर्च आणि लेव्हल. दहा वर्षांनंतर दर तीन महिन्यांनी. दीड फुटापेक्षा उंच टँक पंधरा वर्षांचा झाला की जोड चांगले दिसत असले तरी आतली फिलिंग एकदा बदलून घ्या, तेव्हा मधला जोडही जवळून तपासला जातो. छोटा, फूटभर उंचीचा टँक असेल तर तारखेच्या मागे लागू नका, डाग बघून ठरवा.

जुना टँक विकत घेणार असाल तर तो भरलेलाच बघायला जा, रिकाम्या टँकला गळता येत नाही. कोपऱ्यातल्या फिलिंगची जाडी बघा. एका कोपऱ्यात ती बाकीच्या तिघांपेक्षा जाड किंवा वेगळ्या रंगाची दिसली तर तिथे वरून थर दिलेला आहे. तेवढ्यावरून टँक नाकारायचं कारण नाही, पण भावातून नव्या फिलिंगचा खर्च वजा करा आणि घरी आणल्यावर मासे सोडण्याआधी ते काम उरकून घ्या.